पैकीच्या पैकी मार्कांचं स्टूल

...आणि वर मलाच विचारतात, 'सर, करवत हातात घेतलीतच कशाला?' अहो, कशाला म्हणजे? आयटीआयमधल्या फिटरच्या मास्तराच्या हातात लोखंड कापायची करवत नाही, तर काय सतार असणार?

तुम्हाला सांगतो, आमच्या धंद्याची ती रीत आहे. पोरं लोखंडाचा तुकडा घेतात, कानशीनं घासून घासून काटकोनात आणतात, त्याला आम्ही जॉब म्हणतो. मी काटकोन तपासायचा गुण्या लावून बघतो, मार्क देतो आणि तिथल्या तिथे त्या जॉबवर करवतीनं एक कट मारतो. का? तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी तोच तुकडा 'माझा' म्हणून आणून दाखवू नये. पोरं बिलंदर असतात हो... एकदा तीन वर्षांत तीन सख्खे भाऊ माझ्याकडून एकाच जॉबवर पास होऊन गेले होते. तेव्हापासून मार्क दिले, की कट मारायचा. डोक्याला विचारत बसायचं नाही, हातच करतो.

आता ह्यात ती हरित उद्योजकता कुठून आली? वरून आली. सगळं वरूनच येतं. प्राचार्यांनी बोलावलं आणि आपल्या त्या मऊ आवाजात म्हणाले, 'नवा विषय आहे, निसर्गाला न ओरबाडता स्वतःचा धंदा कसा काढावा. तुमचा तास मोकळाच आहे.' म्हटलं, सर, मी जन्मात धंदा केला नाही आणि हिरवं म्हणाल, तर घरातल्या कुंडीला बायको मला हात लावू देत नाही. तर म्हणतात, 'छान, म्हणजे तुम्ही तटस्थपणे शिकवाल!'

शिकवलं मग. मोडकं फेकू नका, भंगारातून वस्तू करा, दुरुस्ती हा डाग नव्हे, दागिना आहे... पाठच केलं होतं मी. अर्धा वर्ग झोपलेला, पण पहिल्या बाकावर शंका बसलेली. शंका म्हणजे एक मुलगी, दर दोन वाक्यांनी 'सर, एक शंका' म्हणायची, म्हणून तिला तेच नाव पडलेलं. 'सर, एक शंका, भंगारातली वस्तू गिऱ्हाईक नव्याच्या भावात घेईल का?' मी म्हटलं, वस्तू चोख असेल तर का नाही घेणार? मला काय ठाऊक, पुस्तकात होतं ते.

पोरीनं मनावर घेतलं. तिच्या वडिलांचं वेल्डिंगचं दुकान, डोळे अधू झाले तेव्हापासून शटर खाली. ते म्हणाले होते, एक ऑर्डर आण, शटर उघडू, नाहीतर मुकाट्यानं मामाच्या दुकानात बस. आणि मामाचं दुकान कसलं, तर प्लास्टिकच्या खुर्च्यांचं. मग तिनं संस्थेच्या मागच्या ढिगातून मोडक्या खाटांच्या नळ्या काढल्या आणि एक स्टूल केलं. काय स्टूल होतं, सांगू तुम्हाला... चारही पाय जमिनीला असे टेकलेले, की खाली कागद सरकवून दाखवा. मी बसून बघितलं तर उठावंसं वाटेना. कोपऱ्यावरच्या हॉटेलमालकालाही तिनं गाठून ठेवलं होतं, तो म्हणाला होता, उद्या नमुना दाखव, पटला तर हॉटेलभर तुझीच स्टुलं.

आणि नमुना दाखवायच्या त्याच दिवशी परीक्षा. मी आपला निघालो रांगेनं, एका हातात पेन, एका हातात करवत. पहिल्यानं पत्र्याची कुंडी केलेली, मार्क दिले, कट मारला, तो म्हणाला, 'बरं झालं सर, पाणी निचरायला भोक राहिलंच होतं.' दुसऱ्याचा कचऱ्याचा डबा, कट मारून त्याचं काय बिघडणार? मग शंकेचं स्टूल. गुण्या लावला, रेघभर फट दिसेना. पैकीच्या पैकी दिले, जन्मात कुणाला दिले नव्हते. डोळ्यांत पाणी आलं हो, खोटं नाही सांगत. आणि त्या भरल्या डोळ्यांनीच, मार्क दिले, की... करवत पायात निम्म्यापर्यंत गेली, तेव्हा कुठे भानावर आलो. मधे एकानंही अडवलं नाही. कोण बोलणार? मीच शिकवलंय, मास्तराचं हत्यार चालू असताना तोंड उघडायचं नाही. एरवी माझं एक अक्षर ऐकत नाहीत, ते नेमकं त्या दिवशी ऐकलं.

शंका म्हणाली, "सर, एक शंका." म्हटलं, बोल. तर म्हणाली, "काही नाही, सर." असं ती पहिल्यांदाच म्हणाली.

मग माझी धावपळ. मी स्वतः तो पाय वेल्ड केला, घासला, रंग मारला, तिच्याबरोबर हॉटेलात गेलो. मालकानं स्टूल उलटं केलं, पायावरून नख फिरवलं आणि थांबला तो बरोब्बर तिथेच. 'मास्तर, वस्तू नवी आणि आत्ताच डागडुजी?' मी सुरू केलं, अहो, दुरुस्ती हा दागिना... 'दागिना तुमच्या घरी मिरवा, माझ्याकडे धट्टीकट्टी माणसं जेवायला बसतात.' चूक माझी आहे, पोरीची नाही, हेही सांगितलं. ती म्हणाली, दुसरं करून देते. पण त्याला घाई, त्यानं त्याच आठवड्यात खुर्च्या घेतल्या. प्लास्टिकच्या, मामाकडून. आणि मोजून द्यायला दुकानात कोण बसलेलं? शंका.

मी गेलो होतो तिथे. म्हटलं, बाळ, पुन्हा कर, खाटा आहेत अजून पडलेल्या. हसली. म्हणाली, "सर, इथं काही कापावं लागत नाही. आलं तसं विकायचं." एवढी हुशार पोर, आणि तिला आता शंका म्हणून येत नाही. वाईट वाटतं हो, फार वाईट वाटतं. ते स्टूल माझ्याच वर्गात आहे, त्याच्यावर बसून मी हरित उद्योजकता शिकवतो. अजून जरासुद्धा डुगडुगत नाही.

आणि संस्थेनं वर काय कळवलं माहीत आहे? 'हरित उद्योजकतेची विद्यार्थिनी लगोलग कामाला लागली.' झालं, वरून गौरवपत्र आलं. मला! उत्कृष्ट हरित शिक्षक! तेही लॅमिनेट करून, वर प्लास्टिक, खाली प्लास्टिक, मधे मी. बायको हौसेनं भिंतीत खिळा ठोकायला निघाली. म्हटलं, थांब, आण जरा इकडे. करवत काढली आणि मधोमध मारला कट. ती म्हणाली, 'अहो, हे काय केलंत?'

म्हटलं, काही नाही गं... पुढच्या वर्षी कुणी हेच पुन्हा आणून दाखवू नये.