बुरशीच्या जातीचा दाखला

मुरबाडला दाखल्याच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या. एकीच्या पिशवीतून कपाशीचं सुकलेलं झाड डोकावत होतं.

“हौसाकाकी, झाड घेऊन इथं?” दुसरीनं विचारलं.

“वातींसाठी परसात कापूस लावलेला गो, प्रेमा. मर रोगानं उभा सुकला. शेतीवाला साहेब बोलला, बुरशी हाय. तिच्यात पाच-सहा जाती, एखादी जाम जहाल. जात समजल्याबिगर औषध सांगणार नाय.”

“मग जातीचा दाखला इथंच मिळतो. पण बापाचा पुरावा लागंल.”

“बाप नाय ठाऊक. पण चार वर्षं माझ्याच परसात राहते, येवढं लिहून देईन.”

“आजोबाचा शाळेचा दाखला तरी पायजे.”

“बघ ना! झाडं माझी मारली हिनं, आन् हिचे कागद मीच गोळा करायचे!”