कंसातली वाक्ये

— नाही, शाल नको, श्रीफळही नको. पत्रिका राहू दे टेबलावर. तू बस, स्नेहल. रविवारी कुरुदच्या प्रार्थनागृहात भाषांतराबद्दल माझा सत्कार, आणि तो सांगायला सुमेध स्वतः येत नाही, बायकोला पाठवतो. इतकी वर्षं दर रविवारी चर्च सुटलं की दुर्गहून स्कूटरने थेट इथे, वैशाली नगरात यायचा — आम्ही दोघं ग्रीक वाचत बसायचो. मी संस्कृत शिकलेला हिंदू माणूस, स्टील प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेला, मी ज्याची पत्रं भाषांतरित केली त्या तुमच्या बिशपशी माझा संबंध काय? संबंध एवढाच, की मजकूर शुद्ध असावा. मग तो कोणाच्याही देवाचा असो.

त्याने तुला सांगितलं ना, काय केलं ते? नाही? शब्दही नाही? — बरं, मी सांगतो. प्रेषितांच्या नंतरच्या पिढीत अंत्युखिया शहराचा एक बिशप होता. त्याला बेड्या घालून रोमला नेत होते, वाटेत त्याने ठिकठिकाणच्या ख्रिस्ती मंडळ्यांना पत्रं लिहिली. पुढे दोन-अडीच शतकांनी कोणीतरी — नाव ठाऊक नाही, हेतू बहुधा चांगलाच — त्या पत्रांत आपली वाक्यं घातली, त्या मेलेल्या माणसाच्या तोंडी. आणि शतकानुशतकं लोक ती त्याचीच मानत राहिले. अलीकडच्या शतकांत अभ्यासकांनी जुनी हस्तलिखितं, लॅटिन-सीरियाक भाषांतरं शेजारी-शेजारी ठेवून एकेक प्रक्षेप वेगळा काढला. प्रक्षेप — मागाहून घातलेलं. घुसडलेलं म्हणत नाही मी, त्या शब्दात राग आहे. दोन्ही वाचकाला दिसावं म्हणून मी वाढवलेली प्रतच भाषांतराला घेतली, पण प्रत्येक प्रक्षिप्त वाक्य चौकटी कंसात ठेवलं. आमच्या ड्रॉइंगमध्ये एक रेघ बदलली तरी शेजारी रिव्हिजनचा त्रिकोण आणि सही लागायची. ती नसेल तर वर्कशॉपमधला माणूस भलत्याच मापाने लोखंड कापायचा. तसा तो कंस. आणि सुमेधने पुस्तक छापून आणलं, तर त्यात एकही कंस नाही. मुखपृष्ठावर अनुवादक म्हणून नाव माझं, खाली संपादक म्हणून त्याचं.

फोन केला त्याला. म्हणाला, "सर, कंस पाहून लोक बिचकले असते. म्हणले असते, हे बिशपचं नाही, तं छापलं कावून?" — माझ्याकडून ग्रीक शिकलेला मुलगा हा.

आणि परवा तारा — आमच्याकडे स्वयंपाकाला येते ती, नरेशची बायको, कुरुदचीच, तुमच्याच मंडळीतली — पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "काकाजी, बायकोनं नवऱ्याच्या धाकात राहावं, असं तुमच्या पुस्तकात लिहून हाय. नरेश रोज वाचून दाखवून राहिला मले. तुम्ही कावून लिहिलं असं?" ते वाक्य बिशपचं नाही गं, माझंही नाही — कंसातलं आहे. तसं सांगितलंही मी तिला. तर म्हणाली, "तुम्ही सांगता, पण पुस्तकात तं हायच ना."  तिच्या घरात ते आता बिशपचं वचन आहे आणि माझ्या नावाचं आहे.

हो, ठाऊक आहे, या पुस्तकावर त्याला सेमिनरीत, पाद्र्यांना शिकवायची नोकरी मिळायची आहे. रडू नकोस. मी येईन रविवारी. माईकवर उभा राहून कोणती वाक्यं त्या बिशपची नाहीत ते वाचून दाखवीन, आणि कंस कोणी काढले तेही सांगेन. नोकरी गेली तर जाऊ दे. जाऊ दे म्हणतो मी, सूनबाई — स्नेहल. तोंडातून गेलं, जाऊ दे.

काय? भीती वाटली त्याला? विचारलं तर मी नकार देईन, अशी? — मूर्ख आहे तो. अगं, इथे येऊन, माझ्यासमोर बसून एकदा म्हणाला असता, सर, कंस काढू का — तर मी रागावलो असतो, दोन दिवस अबोला धरला असता, आणि मग हो म्हटलं असतं. त्याला कधी नाही म्हटलंय मी? काढू दिले असते त्याला, सगळे कंस, नरेशच्या हातात पडणारं ते वाक्यसुद्धा —

तारा. तू केव्हापासून दारात उभी आहेस?

नाही, तू आत नको जाऊ, थांब — म्हणजे, ऐक —

स्नेहल, तू नीघ आता.