ताटावरचं मौन

—व्हय गं प्रेमला, पाच वर्षं. ह्याच बस्तीच्या गाभाऱ्यात, ह्याच पार्श्वनाथासमोर उभी राहून म्हटलं होतं मी, देवा, आम्ही समुद्रापार मोंबासाला निघालोय, पोरं लहान हायत, तू सांभाळ. पुन्हा तुझं दर्शन घेईपर्यंत मी जेवताना तोंडातनं शब्द काढणार न्हाई. उपाध्यांनी डोक्यावर अक्षता टाकल्या, झालं. आणि आता तू सोमवारी निघणार, दोन लेकरं घेऊन, तिथंच—आणि तुलाही हाच नेम पायजे म्हणतेस. कुणी सांगितलं? सासूनं? सांगणारच. निपाणीभर झालंय ते, अक्काताईनं परमुलखात मौन पाळलं, अक्काताई लई धर्माची. बस की जरा. पायरी गार हाय.

अवघड न्हाई गं. तिथं तसंही बोलायला कोण होतं? आमचे हे रेल्वेच्या गोदामात, आठ-आठ दिवस लाइनीवर. शेजारी एक कच्छी बाई—भली, पण ती तिच्या बोलीत बोलणार, मी माझ्या, आणि शेवटी दोघी नुसत्या हसणार. पोरं शाळेत, तिथनं परस्पर खेळायला. आणि तिथं बारा महिने दिवस एकाच वेळेला बुडतो बघ, उन्हाळा न्हाई की हिवाळा न्हाई. आपल्या धर्मानं त्याच्या आत जेवायचं—म्हणजे पोरं घरात यायची तीच ताटावर, आणि जेवली की पेंगायची. माझ्या वाट्याला तेवढीच घटका, आणि त्याच घटकेला माझं तोंड बंद. नेम घेताना कुठं ठाऊक होतं? हितं जेवताना गप बसलं तर काय बिघडतं? उरलेला दिवस बोलायलाच असतो की—विहिरीवर, बस्तीत, जावाजावांत.

खुणा करायची मी. खुणा चालतात का, ते उपाध्यांना विचारलं न्हाई, तेवढी सूट माझी मीच घेतली. मीठ हवं तर चिमटी, पुरे झालं तर पंजा आडवा. पोरांनी पटापट उचललं. गंमत वाटायची त्यांना. मलाही.

एकदा मोडला नेम. हे उपाध्यांनाही सांगितलं न्हाई मी. राजमती चार वर्षांची होती. जेवायला बसलो, आणि ही म्हणाली, "आई, दादाच्या मागं विंचू!" मी ओरडले—"भुजबली, पाय वर घे!"—आणि बघते तर विंचू कसला, सुतळीचा तुकडा. पण शब्द तर गेला. ताट सारलं, दुसऱ्या दिवसापर्यंत उपास. मला काय त्याचं? पण ती पोर माझ्या भरल्या ताटापाशीच बसून राहिली गं. तिला वाटलं, आपण बोललो म्हणून आई उपाशी राहिली. जवळ घेऊन सांगायला पायजे होतं, तुझा काय दोष बाळ. न्हाई सांगितलं. उलट—देवाच्या दारात खोटं कशाला बोलू—बरं वाटलं मला. म्हटलं, चला, आता शहाणी झाली, जेवताना बोलायची न्हाई.

बोललीच न्हाई.

यंदा आलो आम्ही. बोटीनं मुंबई, आगगाडीनं कोल्हापूर, तिथनं मोटार. आधी बस्तीत आले, दर्शन घेतलं, नेम सोडला, आणि घरी गेले ती जवळजवळ पळतच. दोडक्याची भाजी केली, पोरांना बसवलं, म्हटलं, राजमती, भाजी वाढू का गं? पाच वर्षांत ताटावर पहिल्यांदा बोलले मी—सुतळीचं सोडून. आणि पोरीनं पंजा आडवा धरला. भुजबलीनं चिमटी दाखवली. अरे, सुटला माझा नेम, बोला की आता! तर दोघं आपसात हळूच काहीतरी कुजबुजली, तिकडच्या बोलीत—पाण्याला माजी म्हणतात ते लोक, तेवढंच कळलं मला—आणि मान खाली घालून जेवायला लागली. रागानं न्हाई गं. सवयीनं. मला सोडवायला उपाध्ये होते. त्यांना कोण सोडवणार?

दोन महिने हेच. मग शाळा उघडणार म्हणून पोरं परत गेली बापाबरोबर. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, मी मागं राहिले. पुढच्या साली जाणार मी. जाणारच. तू कशाला डोळे पुसतेस? मी रडते का?

निघायच्या आदल्या दिवसाचं ऐक. पोरीनं चिमटी दाखवली. मी मीठ हातात घेतलं आणि तशीच उभी राहिले. तिनं पुन्हा दाखवली. मी उभीच. भुजबली ताटावरनं उठून गेला—जाऊ दे, बापावर गेलाय. राजमती बसून राहिली. भाकरी गार झाली. मग खाली बघतच म्हणाली, "आई, मीठ." एवढंच. तेवढ्यावर मी हे वरीस काढणार.

तवा तू उपाध्यांना सांग, दुसरा नेम द्या म्हणावं. तूप सोड, गूळ सोड, देव गोड मानून घेतो. आणि तिथं पोचलीस की माझ्या पोरांना एकदा जेवायला बोलाव, दिवस बुडायच्या आत. काहीही कर, पण मीठ कमी घाल. आणि पोरीनं चिमटी दाखवली, तर कळलं न्हाई असं दाखव—बघ, तुझी सासू हाका मारतीया, जा. जा गं. मीठ हातात धरून उभी राहा तेवढी, मी राहिले तशी.