पानिपतावर कुमुदताई जिंकल्या, त्याची गोष्ट

मंडळी, आधी एक गंभीर तक्रार. आयोजकांनी मला नेमकं पंख्याखाली उभं केलंय. रात्रभर जागून लिहिलेला माझा शोक आत्ताच तिसऱ्या रांगेत उडून गेला. आता तोंडीच बोलायचं. कुमुदताईंबद्दल, आणि त्यांचे यजमान अण्णा समोर बसलेले असताना. सोपं नाही.

ताई आमच्या फरीदाबादच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. आमचं हत्यार एक्सआरएफ. बंदुकीसारखं यंत्र. धातूवर टेकवायचं, घोडा दाबायचा. क्ष-किरण जातात आणि आत कोणकोणते धातू आहेत ते पडद्यावर येतं. पण दिसतो त्याला फक्त वरचा थर.

पानिपतच्या एका कारखान्यात तापल्या वाफेच्या नळ्या बसायच्या होत्या. क्रोमियमवालं पोलाद हवं होतं. क्रोमियम सापडलं, माल पास झाला. ताईंनी कागद पाहिला. "पोलादात जस्त कुठून आलं रे?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पानिपतला. तिथला मॅनेजर वैतागला. "मॅडमजी, मशीन ने पास कर दिया, आप क्यों अटका रही हैं?"

"मशीन ने रंग को पास किया है, पाइप को नहीं!"

नळ्यांवर पिवळा प्रायमर होता. ताईंनी तिथल्या कामगाराला, रामफलला, हुकूम सोडला, "इसका साल निकालो!"

रामफल धावला आणि जुनं रजिस्टर घेऊन आला. "कौन सा साल, मैडम?"

तीस वर्षं दिल्लीत काढून ताईंचं हिंदी हे असं! "अरे यार, साल! छिलका!"

मग कानस चालली. रंग गेला. घोडा दाबला. जस्त गायब. क्रोमियमही गायब! दोन्ही त्या रंगातलीच होती. साधं लोखंड. वाफ सोडली असती तर नळी फुटली असती. खाली कोण उभं असतं? रामफलच ना?

सगळा माल ट्रकात भरून परत गेला. मंडळी, पानिपतावर आपल्यातलं कुणी जिंकून घरी आलं असेल, तर ती ही बाई!

नंतर वरिष्ठांनी विचारलं, आधी पास कुणी केलं? ताई म्हणाल्या, "रीडिंगमध्ये गडबड होती." बस. पुढे कधी विषय नाही. मलासुद्धा टोमणा नाही.

अण्णा, ती गडबड म्हणजे मी. रंगावर यंत्र टेकवलं मी. जस्ताचा आकडा दिसला होता, घाईत सोडून दिला. ताईंनी माझं नाव घेतलं नाही. आज मी घेतो. दिनेश राजवाडे.

चला, उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. मीसुद्धा नाही.