पाठकोऱ्या चार कागदांबाबत

जबाब

नाव: ठाण्याच्या नोंदवहीत लिहून दिले आहे. शाळेत मला सगळे नुसते बाई म्हणतात. वय: ४१ वर्षे. धंदा: या रकान्यात हवालदारांनी न विचारताच ‘घरकाम’ लिहिले होते, ते खोडून ‘शिक्षिका, इंग्रजी’ असे केले आहे. राहणार: शाळेच्या मागची गल्ली. तळमजल्यावर भावाचे पंपदुरुस्तीचे दुकान, पहिल्या मजल्यावर भाऊ आणि वहिनी, दुसऱ्या मजल्यावर मी एकटी.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून आणि काही न विचारताही, सांगते ती हकिकत अशी की,

मी या ठाण्यासमोरच्या माध्यमिक शाळेत एकोणीस वर्षे इंग्रजी शिकवते. शनिवार दि. ८ रोजी सायंकाळी पाच वाजता माझे थोरले भाऊ, ज्यांना मी दादा म्हणते, यांनी या ठाण्यात तक्रार दिली. तक्रार अशी की, शाळेसमोरील झेरॉक्सवाल्याने माझे वैद्यकीय कागद मुद्दाम लोकांत वाटले. तक्रार माझ्याविषयी असली तरी मला विचारून दिलेली नाही. मला ती काल सकाळी आमच्या शाळेच्या शिपाईमावशींकडून कळली. म्हणून आज सोमवार दि. १० रोजी साडेअकरा वाजता, कोणी न बोलावता, मी आले आहे.

मी परदेशातील एका शाळेत इंग्रजी शिकवण्याच्या जागेसाठी अर्ज केला होता. घरात कोणाला सांगितले नव्हते. जागा मिळाली तर सांगायचे, नाही मिळाली तर कोणाला काही कळायचेच नाही, असा माझा विचार होता. अर्जाची पाने चार. तिसऱ्या पानावर आजवरचे आजार, झालेले उपचार आणि चालू औषधे लिहायची होती.

मला एक आजार आहे. तो सतराव्या वर्षी कळला. त्याचे नाव मी इथे सांगणार नाही. हवालदारांनी दोनदा विचारले, “बाई, लिहावं लागेल हो.” मी म्हटले, “चोरीला गेलेल्या वस्तूचं वर्णन लिहितात. ही वस्तू माझ्याकडेच आहे.” त्यावर त्यांनी पुढे लिहायला घेतले. गेली चौदा वर्षे मला त्याचा काही त्रास नाही. रोज सकाळी एक गोळी घेते. एकोणीस वर्षांच्या नोकरीत आजारपणाची रजा तीन दिवस, तीही दाढ काढली म्हणून.

ज्या कंपनीमार्फत अर्ज करायचा होता तिथल्या मुलीने फोनवर सांगितले की, “मॅडम, त्या पानावर सरळ ‘नाही’ लिहून टाका, सगळे तेच करतात.” मी तसे केले नाही. हे पान कोण वाचणार, असे मी तिला तीन वेळा लेखी विचारले. तिसऱ्या वेळी उत्तर आले की, ते पान बंद पाकिटात फक्त तिकडच्या डॉक्टरांकडे जाईल. तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना एवढेच कळेल की बाई कामाला योग्य आहेत की नाहीत आणि काय काळजी घ्यायची. ते उत्तर माझ्याकडे आहे. तेवढ्या भरवशावर मी सगळे खरे लिहिले. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच कागदावर लिहिले. लिहून झाल्यावर मला इतके मोकळे वाटले की चहा दोनदा करून प्यायले.

सोमवार दि. ३ रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी अर्ज घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेले. मूळ अर्ज कुरिअरने पाठवायचा आणि एक प्रत माझ्याजवळ ठेवायची होती. पहिली दोन पाने नीट निघाली. तिसऱ्या पानाला मशीन रुसले. पाचव्या वेळी ते नीट आले, मागोमाग चौथेही. तोवर शाळेची घंटा झाली. बिघडलेल्या प्रती दुकानदाराने हाताखालच्या खोक्यात टाकल्या आणि मी धावत वर्गावर गेले. त्या मागून घ्यायचे माझ्या डोक्यातच आले नाही. ही चूक माझी आहे, दुकानदाराची नाही, असे ठळक लिहावे.

त्या खोक्यात पाठकोरे कागद साठतात, म्हणजे एका बाजूने छापलेले, दुसऱ्या बाजूने कोरे. दर गुरुवारी शिपाईमावशी तो गठ्ठा शाळेत आणतात आणि मुले त्यावर चाचणी लिहितात. ही व्यवस्था सात वर्षांपूर्वी कोणी सुरू केली, असे हवालदारांनी विचारले. मीच केली. चांगला कागद चाचणीत वाया घालवायचा नाही म्हणून मी मुख्याध्यापकांच्या मागे लागले होते. स्वतःच्या पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा, हे माझ्याकडून शिकावे.

गुरुवार दि. ६ रोजी तिसऱ्या तासाला नववीची चाचणी झाली. कागद मीच वाटले. सायंकाळी चार वाजता शिक्षकांच्या खोलीत तपासायला बसले. अकरावा पेपर उलटला तर मागे माझे अक्षर. शेजारी गणिताचे सर डबा उघडून बसले होते, त्यांना काही कळू नये म्हणून मी उगाच खोकले. एकूण तीन कागद सापडले. दोन मुलांनी पाठीमागे पाहिलेही नव्हते. तिसऱ्याने माझ्या औषधाच्या नावाशेजारी, आपल्याला किती गुण पडतील त्याची बेरीज केली होती, आणि तीही चुकली होती.

अर्ज इंग्रजीत होता. या मुलांना मी दोन वर्षे इंग्रजी शिकवते आहे. माझे पान त्यांना वाचता आले असेल तर माझी अब्रू गेली आणि आले नसेल तर माझी दोन वर्षे गेली, अशी माझी त्या रात्रीची अवस्था होती. मी खरोखर घाबरले होते. मुलांच्या तोंडून गोष्ट पालकांत जाते आणि पालकांतून गावभर. चोवीस वर्षे जे सांभाळले ते मीच तीस बाकांवर वाटून आले होते.

शुक्रवार दि. ७ रोजी सकाळी दुकानदाराला विचारले. त्याने मशीनवरचा आकडा दाखवला. बिघडलेल्या प्रती चार. तो बिचारा पांढराफटक पडला. “बाई, मी खोक्यातलं काही वाचत नाही. वाचत बसलो तर दुकान कधी चालवू?” हे त्याचे शब्द. तो माणूस खरे बोलतो. त्याच दिवसापासून त्याने काउंटरवर पाटी लावली आहे की, गिऱ्हाइकाने बिघडलेली प्रत स्वतः फाडून टाकावी. चौथा कागद मात्र सापडला नाही. नववीच्या वर्गात मी त्याबद्दल विचारले नाही, कारण विचारले असते तर सगळ्यांनी शोधला असता.

शनिवार दि. ८ रोजी मी रजेवर होते. घरी संगणकावर मुलाखत होती. तिकडच्या बाईंनी मला एक धडा शिकवून दाखवायला सांगितले. मी पंचवीस मिनिटे शिकवले आणि त्या दोनदा हसल्या. मुलाखत सुरू असताना, साडेबाराच्या सुमारास, खाली आमच्या टपालपेटीत कोणीतरी एक पाकीट टाकले. चारही बाजूंनी डिंक लावलेले. वर ‘फक्त बाईंसाठी’ असे लिहिलेले.

ते पाकीट दादाने साडेचारला पेटी उघडल्यावर पाना-पक्कडशेजारच्या स्क्रू ड्रायव्हरने फोडले. घरचे सगळे टपाल तोच फोडतो, वीजबिलापासून लग्नपत्रिकांपर्यंत. आत चौथा कागद होता. पंपांच्या माहितीपत्रकांमुळे दादाचे इंग्रजी चांगले आहे. त्याला एका दमात दोन गोष्टी कळल्या. मी परदेशी जायला निघाले आहे आणि आजार कागदावर लिहिला आहे. बिघडलेली प्रत म्हणजे झेरॉक्सवाल्याचेच काम असे धरून, माझ्याशी एक शब्द न बोलता तो तडक इथे आला; कागद मात्र त्याने खिशातच ठेवला.

पाकिटात एक चिठ्ठीही होती, ती दादाने नीट पाहिली नाही; काल दुकानाच्या टेबलावर पडलेल्या पाकिटात ती मला मिळाली. ती मागच्या बाकावरच्या एका उंच मुलीची आहे, जिला वर्ग शिडी म्हणतो. चिठ्ठी इंग्रजीत आहे. मराठीत सांगायचे तर, बाई, हा कागद तुमचा आहे. मी पहिल्या दोन ओळी वाचल्या, मग थांबले. उत्तरे वहीच्या पानावर लिहून दिली आहेत. मी कोणाला सांगितले नाही. तिच्या इंग्रजीत एकही चूक नाही. ती चिठ्ठी मी ठाण्यात जमा करणार नाही, ती मला ठेवायची आहे. त्या मुलीला इथे बोलावू नये. तिला दोन ओळी कळल्या आणि तरी ती थांबली, याहून मला काही नको.

आज सकाळी सव्वानऊला मला ईमेल आले. तिकडच्या डॉक्टरांनी मला कामाला योग्य ठरवले आहे. जागा मिळाली. मी फार आनंदात आहे, हे जबाबात बसत नसले तरी लिहावे. पण ही तक्रार पुढे गेली तर ते चार कागद पुरावा म्हणून दाखल होतील, पंच वाचतील, वकील वाचतील, आणि जे कोणाला कळू नये म्हणून तक्रार दिली ते अख्ख्या गावाला कळेल. म्हणून ती मागे घ्यावी, एवढ्याचसाठी मी आले.

तक्रारीचे काय झाले ते विचारायला दादा माझ्या आधीच बाहेर बाकावर येऊन बसला होता. आमचे बोलणे असे झाले.

“पाकीट माझं होतं, दादा.”

“घरचं टपाल मीच बघतो.”

“मला विचारायचंस तरी.”

“विचारलं असतं तर सांगितलं असतंस?”

मी बाकावर त्याच्या शेजारी बसले. तो म्हणाला, “तिकडे तुला काही झालं तर धावणार कोण?”

मी सतरा वर्षांची असताना शाळेच्या मैदानावर जे झाले, तेव्हा दादा बावीसचा होता. सगळे लांब उभे राहून बघत होते. त्याने मला उचलून घरी नेले. त्या दिवसापासून तो हे कोणाला कळू देत नाही आणि मला एकटीला फार लांब जाऊ देत नाही. मला त्याचा राग येतो आणि त्याच्याशिवाय माझे चाललेही नसते, दोन्ही खरे आहे.

मी त्याला म्हटले, “म्हणून तर लिहिलं. तिथं जो कोणी धावेल, त्याला काय करायचं ते माहीत असावं.”

मग हवालदारांनी आम्हा दोघांना आत बोलावले आणि खातरजमेसाठी नीट निघालेली प्रत मागितली. मी तिसरे पान टेबलावर ठेवले, त्यावर त्यांचीच नोंदवही आडवी टाकली आणि फक्त तळाचा रकाना उघडा ठेवला. बिघडलेल्या चारही प्रतींवर हा रकाना काळा झालेला आहे, त्यामुळे दादाने तो पाहिला नव्हता. तिकडे प्रसंग पडल्यास पहिल्यांदा कोणाला कळवावे, असा तो रकाना आहे. तिथे दादाचे पूर्ण नाव, नाते ‘भाऊ’, दुकानाचा फोन, आणि पुढे मी लिहिले आहे, ‘कोणत्याही वेळी’.

दादाने चष्मा लावला. ती एक ओळ त्याने बराच वेळ वाचली. मग चष्मा पुसला आणि म्हणाला, “दुकानाचा हा नंबर बंद होऊन दोन महिने झाले. नवा लिहून पाठव.”

मी वरून हाक मारते, फोन कधी करत नाही, त्यामुळे मला माहीत नव्हते. दादाने नवा नंबर सांगितला, मी तो लिहून घेतला, त्याने दोनदा तपासला. त्यानंतर त्याने तक्रार मागे घेतल्याचे लिहून दिले. झेरॉक्सवाल्याला फोन करून तसे सांगण्यात आले. माझे कोणाविरुद्ध काही म्हणणे नाही. पाकीट फोडण्याबद्दल भावावर कारवाई हवी का, असे हवालदारांनी रीतसर विचारले. कारवाई नको, समज द्यावी, असे मी सांगितले. समज देण्यात आली. दादाने ती ऐकून घेतली.

हा जबाब हवालदारांनी दार लोटून घेऊन मला सुरुवातीपासून मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो उतरला आहे, आजाराचे नाव त्यात कुठेही नाही, म्हणून खाली सही करते. वाचन चालू असताना दादा खोलीत होता. थांबू का, असे त्याने मला आधी विचारले होते, आणि मी हो म्हटले.