तीनदा दार वाजवलं

कोर्टाच्या बाकावर माझ्या शेजारी शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांच्या पलीकडे एक पेन्शनर काका.

“बेलिफाविरुद्ध तक्रार? अशी करता येते होय?”

“नव्या कायद्यानं येते, काका. अहवाल खोटा निघाला तर त्याची नोकरी जाते.”

“असं लिहिलं तरी काय त्यानं?”

“नोटीस घेऊन गेलो, तीनदा दार वाजवलं, बाई आत असून उघडलं नाही. त्यावर थेट जप्ती आली नि माझं शिलाई मशीन उचलून नेलं.”

“मग उघडलं का नाहीत?”

“काय उघडू? दार त्या आठवड्यात सुताराकडे होतं! चौकटीला नुसता पडदा.”

“अरे देवा! पुरावा?”

“सुताराची पावती आहे, तारखेसकट.”

“म्हणजे आलाच नाही तो. टेबलाशी बसून लिहिलं. तीनदाच लिहितात सगळे.”

“तुम्हाला हो कसं ठाऊक?”

“तीस वर्षं बेलिफ होतो मी. ठरलेलं वाक्य आहे ते.”

“मग तुम्ही तरी खरंच वाजवायचात का?”

“तुमचा पुकारा झाला बघा, बाई. जा, जा लवकर.”

“शिपाई अजून बाहेरसुद्धा आला नाही, काका.”