उजव्या हाताचं प्लास्टर

सकाळी सव्वादहा. साताऱ्यातल्या एका दवाखान्यात मेढ्याच्या मंगलबाई प्लास्टर काढायला आल्या होत्या. सोबत नणंद लीलाबाई. नवरा मानसिंग, लष्करातले निवृत्त आचारी, एक्स-रे आणायला गेले होते.

“आज सुटलीस गं.”

“वन्सं, अजून आठवडा ऱ्हायलं असतं तर बरं.”

“का? दुखतंय व्हय?”

“न्हाई. तुमचं भाऊ रांधत्यात. पठाणकोटचा राजमा झाला, आसामचं आंबट मासं झालं.”

“अन् चव?”

“लय भारी. मला जन्मात जमायचं न्हाई.”

“आदी कवा केलं न्हाई त्यानं?”

“मीच चुलीपाशी येऊ दिलं न्हाई. बदलीच्या गावास्नी त्ये एकलंच गेलं. आता एकेक गाव ताटात वाढत्यात. नागालँड तेवढं ऱ्हायलंय.”

“मग सांग की, रांधा म्हणून.”

“कसं सांगू? रोज मीच मीठ जास्त झालंय म्हणत आले.”

मानसिंग आले.

“हाड जुळलंय. माझी ड्युटी संपली.”

“आवं, नागालँडला काय खात्यात?”

“तुला कशाला? मीठ जास्तच हुईल.”

“हुईना का.”

पावणेअकराला मंगलबाईंचं नाव दुसऱ्यांदा पुकारलं. त्या अजून उठल्या नव्हत्या. मानसिंग बांबूचे कोंब कसे चिरायचे ते सांगत होते.